लग्नपत्रिकेतलं इंग्रजी इटॅलिक झकास दिसतं, मग मराठी तिरकं केलं की का बिघडतं?

रामदेवगल्ली_डीटीपी

मंडळी, दुकानातला प्रश्न आहे, पण नुसता दुकानाचा नाही म्हणून इथे टाकतोय.

परवा एक गिऱ्हाईक आलं. नवरी आपल्या बेळगावच्या वडगावची, नवरा धारवाडकडचा, त्यामुळे पत्रिका तीन भाषांत: मराठी, कन्नड आणि इंग्रजी. इंग्रजीसाठी मी सेरिफवालं इटॅलिक लावलं, ईबी गॅरामंड या फॉन्टचं. नावं जरा मोठी, बाकी मजकूर साधा सरळ. स्क्रीनवर बघून नवरीची आई खूश. मग म्हणाल्या, "आता मराठी पण असंच करा की, तिरकं. आणि कन्नड पण. तिन्ही एकसारखं दिसू दे."

मी कोरल या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी निवडलं आणि तिरक्या आयचं बटण दाबलं. 'चि. सौ. कां.' ही तीन अक्षरं तुम्हीपण एकदा तिरकी करून बघा. 'चि'ची वेलांटी पुढे कलून 'च'च्या डोक्यावर आडवी झाली, 'सौ'च्या दोन मात्रा पुढच्या टिंबाच्या वर झुकल्या, आणि 'कां'वरचा अनुस्वार असा लटकला की वाऱ्याने हलतोय. बाई बघत राहिल्या. मग त्याच म्हणाल्या, "नको, पडायला लागल्यागत दिसतंय."

वीस वर्षं हे काम करतोय. बिघडतं हे डोळ्याला कळतं, पण का बिघडतं हे मला त्यांना सांगता आलं नाही. इंग्रजी तिरकं केलं की देखणं, आपलं केलं की पडकं, असं का? जाणकार आहेत इथे, सांगा की.

निपाणीकर

सोपं आहे. इंग्रज वाकून नमस्कार करतो, आपला माणूस ताठ उभा राहतो. 😀

(माझं कामपण लेबलांचंच आहे, खरं उत्तर मलाही पाहिजे. बसलोय.)

अक्षरवाली

मूळची टिळकवाडीची, आता पुण्यात फॉन्टचं काम करते. दादा, तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे, आधी ती काढूया. तुमचं इंग्रजी कुणी *तिरकं केलेलं* नाहीये. ते मुळात वेगळंच अक्षर आहे.

ईबी गॅरामंडचा सरळ फॉन्ट आणि इटॅलिक शेजारी ठेवा आणि मोठे करून बघा. छोटा ए घ्या. सरळमध्ये त्याच्या डोक्यावर छप्पर आहे. इटॅलिकमध्ये छप्पर गायब, आपण हाताने लिहितो तसा एक पोट आणि एक दांडी. छोटा एफ बघा. सरळमध्ये तो ओळीवर थांबतो, इटॅलिकमध्ये त्याला शेपूट फुटून ते ओळीखाली उतरतं. खाली पायाला ज्या सपाट पट्ट्या असतात, म्हणजे सेरिफ, त्या छोट्या अक्षरांतून बहुतेक गेलेल्या दिसतील. त्यांच्या जागी पेन कागदावर टेकतानाचा आणि उचलतानाचा बारीक झोल आहे. अक्षरं अरुंदही झालीत. कल हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. इटॅलिक जवळजवळ उभं ठेवलं तरी ते इटॅलिक म्हणूनच ओळखू येतं.

आता हे आलं कुठून. पंधराव्या शतकात इटलीतले विद्वान आणि कचेऱ्यांतले कारकून भरभर लिहायला एक वळणदार हात, म्हणजे हस्ताक्षर, वापरायचे. व्हेनिसचा छापखानेवाला आल्दुस मानुतियुस याने त्या हाताचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, करायचं ठरवलं, आणि ते कापले फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने. त्या टाईपात अख्खं छापलेलं पहिलं पुस्तक म्हणजे १५०१ सालचा व्हर्जिल, खिशात मावेल एवढा. गंमत अशी की त्यात कॅपिटल अक्षरं चक्क सरळ उभी आहेत! कललेली फक्त छोटी. म्हणजे सुरुवातीला इटॅलिक हा कुणाचा जोडीदार नव्हता, स्वतंत्र टाईप होता. सरळ मजकुरात एखादा शब्द इटॅलिकमध्ये घालायचा, ही वहिवाट सोळाव्या शतकात पुढे हळूहळू पडली. मग फ्रान्समध्ये रोबेर ग्राँजाँसारख्यांनी जे इटॅलिक कापलं त्याचीच छाया आजच्या बऱ्याच 'गॅरामंड'वर आहे. तुमच्या ईबी गॅरामंडचा आधारही १५९२ सालचा एक नमुनाकागद आहे, आणि त्यात इटॅलिक ग्राँजाँचं.

आल्दुसची नक्कल लगेच झाली बरं का. फ्रान्सच्या लियाँ गावात लोकांनी त्याच्या पुस्तकांच्या बनावट आवृत्त्या काढल्या, तेव्हा १५०३ मध्ये त्याने इशारा छापला की त्यांच्या पुस्तकांत अमुक अमुक चुका आहेत, त्यावरून नक्कल ओळखा. नकलाकारांनी त्या चुका दुरुस्त करून घेतल्या म्हणतात.

निपाणीकर

म्हणजे फुकट प्रूफरीडिंग करून दिलं बिचाऱ्याने.

जुना_खिळा

मी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई मशीनवर, बत्तीस वर्षं खिळे जुळवले, आधी खानापूर, मग बेळगावात. ताई म्हणतात ते बरोबर, फक्त हाताने काम केलेल्याची दोन वाक्यं जोडतो.

आमच्याकडे इंग्रजी इटॅलिकची एकच केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, होती, १२ पॉईंटची. तिच्यातला छोटा एफ म्हणजे डोकेदुखी. त्याचं डोकं खिळ्याच्या बाहेर लोंबतं. शेजारी एल किंवा कंस आला की डोकं त्याच्यावर घासतं, आणि मशीनचा दाब पडला की तुटतं. म्हणून तर एफ-आय, एफ-एल असे जोडखिळे असतात. नवीन पोरगा यायचा आणि पहिल्याच आठवड्यात चार एफ मोडायचा. मालक पगारातून कापायचे नाहीत, पण दिवसभर टोमणे मारायचे.

आता मराठीचं. आमच्या केसमध्ये बऱ्याच मात्रा, रफार वेगळ्या खिळ्यांवर. अक्षरावर वरून बसवायचे. खिळा चौकोनी, रांग सरळ, म्हणून मात्रा बरोबर डोक्यावर येते. अक्षर कललं तर मात्रा वर जाईल तशी उजवीकडे सरकायला पाहिजे. चौकोनी खिळ्याला ते कसं जमणार? तिरका मराठी टाईप आमच्याकडे कधी आलाच नाही. कुणी मागितलाही नाही. जोर द्यायचा तर जाड टाईप, नाहीतर अवतरणचिन्ह. पुस्तकाचं नाव आलं की एकेरी अवतरण. भागत होतं.

उद्यमबाग_सीएनसी

मी पाट्यांची अक्षरं कापतो, त्यामुळे जरा उलटं बोलतो. तिरकं करण्यात एवढं पाप काय आहे? हेल्व्हेटिका या बिनसेरिफच्या फॉन्टचं इटॅलिक म्हणजे तीच अक्षरं कललेली. जग वापरतंय. कुणाचं काही पडत नाही.

अक्षरवाली

मुद्दा चुकीचा नाही हो. १९२६ मध्ये स्टॅन्ले मॉरिसन या इंग्रज टाईपतज्ज्ञाने हेच मांडलं होतं: पुस्तकात सरळ टाईपाच्या सोबतीला कललेलं सरळ अक्षरच हवं, हाताचं वळण नको. एरिक गिलच्या पर्पेचुआ या टाईपासाठी पहिलं इटॅलिक त्याच वाटेने केलं, आणि ते अंगावर बसेना म्हणून शेवटी बदललं. पुढे त्याच मॉरिसनच्या देखरेखीखाली १९३२ मध्ये टाइम्स न्यू रोमन आला, त्याचं इटॅलिक बघा. छप्पर नसलेला ए, झोल, सगळं जुन्या वळणाचं.

हेल्व्हेटिकाला चालतं कारण तिथे पेनाची खूण जवळपास नाहीच, सगळीकडे जाडी सारखी. सेरिफमध्ये जाड-बारीक पेनाने ठरवलेलं असतं. अक्षर ढकललं की काही रेघा ताणल्या जातात, काही आखडतात, आणि जाडी नको तिथे बदलते. आपल्याकडे तर बोरूची जीभ रोमनच्या पेनापेक्षा उलट्या बाजूने तासतात. रोमनमध्ये जी तिरकी रेघ बारीक, तीच देवनागरीत जाड. म्हणजे ढकललं की आपल्या नेमक्या जाड रेघा ताणल्या जाऊन बारीक पडतात.

आणि काकांनी सांगितलं त्याचा हिशोब: १२ अंश कल दिला तर अक्षराचा भाग जेवढ्या उंचीवर असेल त्याच्या साधारण एक पंचमांश उजवीकडे सरकतो. छोट्या रोमन अक्षराला डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्या 'र्थी'वर रफार, वेलांटी, वर शिरोरेघ. सगळा बाजार वरच्या मजल्यावर. शिरोरेघ मात्र आडवीच राहते. म्हणजे छत सरळ आणि भिंती कललेल्या. नवरीच्या आईंना 'पडायला लागल्यागत' दिसलं ते अगदी बरोबर दिसलं.

रामदेवगल्ली_डीटीपी

छत सरळ, भिंती कललेल्या. हे गिऱ्हाईकाला सांगता येईल. आता कन्नडचं?

चिकोडी_मास्तर

कन्नडमध्ये मराठीसारखी सलग शिरोरेघ नाही, प्रत्येक अक्षराला आपापलं डोकं, त्याला तलकट्टू म्हणतात. बाकी सगळं गोल. गोल अक्षर कललं की ते पडत नाही, घरंगळतं! शिवाय खाली ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, बुडाशी येतं. कल दिला की ते डावीकडे मागे राहतं आणि आधीच्या अक्षराचं वाटायला लागतं. माझ्या चौथीतल्या पोरांना असं वाचायला दिलं तर अडखळतात, हे बघितलंय. शाळेच्या वार्षिक अंकात एकाने हौसेने संपूर्ण कविता तिरकी टाकली होती, ती मुलांनी मान वाकडी करून वाचली.

हलगेकर

कन्नड पाट्यांचा विषय निघालाच आहे तर २०२४ च्या त्या ६० टक्के कन्नडच्या कायद्यावर बोलायला पाहिजे. दुकानाच्या पाटीवर

संपादक

हलगेकर, त्या विषयाचे चार धागे आधीच चालू आहेत आणि दोन कुलूपबंद आहेत. इथे अक्षर कललं तरी धागा कलू देऊ नका. प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे.

मोडीवाला_शहापूर

बराच वेळ वाचतोय. ताईंनी सांगितलं की इटॅलिक कचेरीतल्या कारकुनाच्या हातातून आलं. अहो, मग आपलं इटॅलिक आपल्याकडे होतंच की! मोडी.

बघा, जुळवून सांगतो. १५२२ मध्ये रोममध्ये लुदोविको देल्यी आरिगी नावाच्या लेखनिकाने हे वळण शिकवायचं छोटं पुस्तक काढलं. तो पोपच्या कचेरीतला माणूस. म्हणून त्या हाताला चान्सरी म्हणतात, म्हणजे सरळ भाषांतर केलं तर कचेरीचं वळण, दफ्तरी हात. मोडी काय वेगळी? दफ्तराची लिपी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा फरक पाळायचा नाही, वेळ कुणाला आहे? ग्रंथ, पोथी, स्तोत्र बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. हिशेब, पत्र, सनद मोडीत. रोमन आणि इटॅलिकचं तेच नातं: एक बसून लिहायचं, एक पळत लिहायचं.

आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं. घरात पणजोबांचे कागद आहेत, सूत आणि रंगाचे हिशेब, सगळे मोडीत. एकाच पानावर वर 'श्री' बाळबोध आणि खाली मजकूर मोडी असंही दिसतं. म्हणजे दोन वळणं एकाच कागदावर नांदवायची जाण होती. फरक एवढाच पडला की तिकडे छापखान्यात ती दोन्ही एका ओळीत आली. आपल्याकडे बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या वेळी मोडीचे खिळे झाले होते, पण बाळबोधाच्या ओळीत मोडीचा शब्द बसवायची रीत काही पडली नाही. मग मोडी शाळेतूनच गेली. आता आपण आयचं बटण दाबून भिंती वाकड्या करत बसलोय.

अक्षरवाली

हे आवडलं. एक फरक नोंदवते, मोडी आणि बाळबोध वाचणाऱ्याला आज दोन वेगळ्या लिपी वाटतात, रोमन-इटॅलिक तशी वाटत नाहीत. कारण ती चारशे वर्षं शेजारी राहिली, एकमेकांसारखी होत गेली. पण मूळ मुद्दा मान्य. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली, आणि नोटो सॅन्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो. रेघ मात्र एकाच जाडीची. बोरूची मजा नाही.

वनस्पती_खानापूर

मध्येच घुसते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडे इटॅलिक ही शोभा नाही, नियम आहे. सागवानाचं शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस, रोमनमध्ये लिहिलं की दोन्ही शब्द इटॅलिक, पहिल्याचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा सगळा छोटा. मुलं मराठी लेखात ही नावं देवनागरीत लिहून तिरकी करतात. मी सांगते, एकतर रोमनमध्ये घाला, नाहीतर सरळ लिहा. तिरकी देवनागरी बघून बाहेरच्या तपासनीसाने एकदा विचारलं होतं, "हे प्रिंटर खराब आहे का?"

उद्यमबाग_सीएनसी

बरं, मी हरलो. पण कामाची एक गोष्ट माझ्याकडून घ्या. सेरिफवालं इटॅलिक पाटीवर कापायला अवघड. त्या झोलाच्या बारीक टोकाला ॲक्रिलिक तडकतं. एका कॅफेवाल्याला गॅरामंड इटॅलिकच पाहिजे होतं, तीन इंच उंचीत. छोट्या आरचं टोक दोनदा तुटलं. शेवटी मी टोकं जाड करून दिली, त्याला फरक कळला नाही, मला अजून खुपतो.

आणि ते कॉर्सिव्हा! बेळगावात दर दुसऱ्या ब्युटी पार्लरवर मोनोटाईप कॉर्सिव्हा. तेही सगळी कॅपिटल अक्षरं लावून. वाचून दाखवा कुणी.

अक्षरवाली

कॉर्सिव्हाला शिव्या घालू नका, बिचारीचा दोष नाही. पॅट्रिशिया साँडर्सने केलेला फॉन्ट आहे आणि त्याच्या मुळाशी तोच वरचा आरिगी. ऑफिसबरोबर आला म्हणून घराघरांत पोचला. पण चान्सरीतल्या कॅपिटल अक्षरांना झुलते हात असतात. ते शब्दाच्या सुरुवातीला एकदा फिरवायचे असतात. सगळीच मोठी अक्षरं ओळीने ठेवली की प्रत्येक जण हात पसरून उभा, आणि गल्लीत कुणाला चालता येत नाही. आणि कॉर्सिव्हावर वरून आयचं बटण दाबणारेही आहेत. तो आधीच इटॅलिक आहे हो!

दादा, तुमच्या पत्रिकेसाठी आता कामाचं. टिरो देवनागरी मराठी आणि टिरो कन्नड, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. 'मराठी'च घ्या, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदीचे नाहीत. दोन्हीच्या आतलं रोमन एकाच घराण्यातलं आहे, कॅस्टोरो, त्यालाही स्वतःचं इटॅलिक आहे. मराठी, कन्नड सरळ ठेवा, रंग आणि आकाराने जुळवा. इंग्रजीत इटॅलिक फक्त दोन नावांना. तारीख, वेळ, कार्यस्थळ सरळ सेरिफमध्ये, म्हातारी माणसं चष्मा शोधत बसायला नकोत.

आणि दोन नावांच्या मधलं 'अँड'चं चिन्ह! इटॅलिकची खरी मिरवणूक तिथे आहे. लॅटिनमध्ये 'आणि'ला एत म्हणतात, ई आणि टी. गॅरामंडच्या इटॅलिकमध्ये ते चिन्ह मोठं करा, ई आणि टी एकमेकांत गुंतलेले उघड दिसतील. सरळ टाईपात ती गाठ मिटून जाते. नवरा-नवरीच्या मध्ये ठेवायला याहून बरं काय?

जुना_खिळा

सोनेरी फॉईल मारणार असाल तर बारीक इटॅलिक १४ पॉईंटच्या खाली नेऊ नका. केसाएवढ्या रेघेवर फॉईल धरत नाही, मधेच कागद दिसतो. आणि आधी त्याच कागदावर एक छाप काढून बघा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

रामदेवगल्ली_डीटीपी

सगळ्यांचे आभार, आता निकाल ऐका.

मराठी-कन्नड टिरोत, सरळ. इंग्रजीत नावं ईबी गॅरामंड इटॅलिक २४ पॉईंट, मधलं चिन्ह ४८, गर्द मरून रंगात. काकांचं ऐकून फॉईल फक्त त्या चिन्हाला. पहिल्या छापात ईच्या पोटात फॉईल भरलं, तापमान थोडं उतरवल्यावर मोकळं झालं. नवरीच्या आईंना 'छत सरळ, भिंती कललेल्या' सांगितलं, लगेच पटलं. त्यांचे मिस्टर गवंडीकामातले आहेत.

आणि शहापूरच्या दादांनी सगळ्यात वर घालायला 'श्री' मोडीत बोरूने लिहून स्कॅन पाठवलं होतं. तेही घेतलं, अगदी लहान. काल दोन्हीकडचे लोक पत्रिका न्यायला आले. वडगावचे मामा ते 'श्री' बघून म्हणाले, "कन्नड झकास आलंय." धारवाडचे काका म्हणाले, "नाही हो, ते तुमचं मराठी."

मी काही बोललो नाही. बिल घेतलं.

मोडीवाला_शहापूर

😂 पणजोबा हसले असतील.

जुना_खिळा

माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात त्या १२ पॉईंट इटॅलिकचे थोडे खिळे सापडले. एफ नऊ आहेत, त्यातले सहा बिनडोक्याचे. शनिवारी गावात येतोय, दुकान उघडं असेल तर दाखवायला आणतो.

रामदेवगल्ली_डीटीपी

उघडं आहे काका. अकरानंतर या, सकाळी लाईट नसते.